रंग खाणारी ट्यूब

माझ्या चेहऱ्यावर माझं सोडून सगळ्यांचं काही ना काही चाललेलं असतं. शेजारच्या शोभाताई मला गेटपाशी अडवतात, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतात आणि आईला हाक मारून सांगतात की पोट्टीच्या पोटात गरमी आहे. रविवारी विहारात वंदना संपली की चपला घालता घालता मला कडुलिंब, मुलतानी माती आणि ताकाचे सल्ले मिळतात. देवाजीकाकांच्या डोक्यावर एक केस नाही, पण केसांना तेल लावणं बंद कर, हे मला त्यांनीच सांगितलं. वर्गातल्या मुलांचं तर सोडाच. एकानं माझ्या गालावर कोणकोणते ग्रह-तारे आहेत ते फळ्यावर काढलं होतं. चित्र बरं होतं, हे आणखी वाईट.

नववीचं अख्खं वर्ष मी स्कार्फमध्ये काढलं. आमच्या नागपुरात ते सोपं आहे. उन्हासाठी सगळ्याच मुली डोक्यावरून, नाकावरून स्कार्फ गुंडाळून मागे गाठ मारतात, नुसते डोळे उघडे. कोणी विचारत नाही. बाकीच्या मुली सावलीत आल्या की सोडतात, मी सोडत नसे. ट्यूशनच्या सरांना वर्षभर माझं नाक कसं आहे ते माहीत नव्हतं. मग यंदा जुलैमध्ये शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मी स्कार्फमधूनच बोलायला लागले, तर परीक्षक बाई म्हणाल्या, काही ऐकू येत नाही. मुद्दे इतके भारी होते की मला ते वाया जाऊ द्यायचे नव्हते. मी स्कार्फ खाली ओढला आणि बोलले. पहिला नंबर आला. छत कोसळलं नाही, कोणी बेशुद्ध पडलं नाही. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसते, सगळ्यांशी बोलते, जरा जास्तच बोलते असं आमच्या क्लासटीचर म्हणतात.

पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. कॉन्फिडन्स आला म्हणून मुरुम जात नाहीत. दोघं एकाच चेहऱ्यावर आरामात राहू शकतात. दुखणारे, पिकणारे, उशीला गाल टेकू न देणारे मुरुम. मला कोणापासून लपायचं नव्हतं आता, मला फक्त ते नको होते. म्हणून मीच आईच्या मागे लागले आणि ऑगस्टमध्ये तिला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, स्किन ओपीडीत घेऊन गेले.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेला. त्यांनी विचारलं, आजपर्यंत काय काय लावलं? आईनं अभिमानानं यादी सुरू केली. लिंबू, बेसन, टूथपेस्ट, कोरफड, दालचिनी, आणि कुठल्याशा मामीनं दिलेली एक हिरवी क्रीम. मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, हे सगळं बंद. आता फक्त चार वस्तू. साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, आणि रात्री ही ट्यूब, मटारच्या दाण्याएवढी, एकेका मुरुमावर ठिपका द्यायचा नाही, जिथे मुरुम येतात तो सगळा भाग पातळसा माखायचा. तीन महिने रोज. मध्ये सोडलं तर मला काही ठरवता येणार नाही. फरक पडला तर हेच चालू ठेवू, नाही पडला तर गोळ्या द्याव्या लागतील आणि त्याआधी रक्त तपासावं लागेल.

आईनं एवढ्या सगळ्यातून दोनच शब्द ऐकले, गोळ्या आणि रक्त. ऑटोत बसल्यापासून घरी येईपर्यंत ती एकच म्हणत होती. गोळ्या नाही. दहावीच्या वर्षात गोळ्या नाही. ट्यूबनं नाही गेलं तर आपला कडुलिंब काय वाईट होता. माझी आई एकदा नाही म्हणाली की बाबासुद्धा पुन्हा विचारत नाहीत. म्हणजे माझ्याकडे एकच चान्स होता आणि तो एका पांढऱ्या ट्यूबमध्ये होता.

सुरुवातीला काहीच झालं नाही. काहीच नाही म्हणजे उलटंच झालं. तोंडाभोवतीची कातडी ताणली, सोलली, हसलं की चरचरायची. आणि मला दिवसभर हसायची सवय. हनुवटीवर नवे मुरुम आले, जणू त्यांना कळलंच नव्हतं की औषध सुरू झालंय. रोज सकाळी आरशासमोर जायचं आणि तेच बघायचं. मी रडलेही, पण मॉइश्चरायझर लावायच्या आधी, नाहीतर ते वाया गेलं असतं. मग सप्टेंबर संपता संपता एका सकाळी तोंड धुताना माझा हात कपाळावरून सरळ घसरत गेला. मध्ये काही लागलंच नाही. मी पुन्हा धुतलं, फक्त हात फिरवायला. गालही तसाच शांत होत होता. मी बाथरूममध्ये इतक्या जोरात गाणं म्हटलं की बाबांनी दार वाजवलं.

आणि त्याच आठवड्यात आईनं कपडे वाळत घालताना मला पूर्ण नावानं हाक मारली.

दोरीवर माझा निळा स्कार्फ होता. हनुवटी येते त्या जागी त्यावर नारिंगी डाग पडले होते, कोणीतरी चहा शिंपडावा तसे. शेजारी माझ्या उशीचा तपकिरी अभ्रा, त्याच्यावरही तसेच. आईनं साबण बदलला नव्हता, पाणी बदललं नव्हतं. ती स्कार्फ नाकाशी नेऊन वास घेत होती.

"कपडा जाळून राहिलं हे औषध," आई म्हणाली, "तर तोंडाचं काय करून राहिलं असन?"

मी सांगायला गेले, पण ती आत गेली होती. ट्यूब उचलली, आलमारीत ब्लाऊजपिसांच्या गठ्ठ्याखाली घातली आणि कुलूप लावलं. ॲसिड आहे म्हणे ते. ॲसिड लावून राहिली माझी पोरगी तोंडाले.

आई घरी ब्लाऊज शिवते. आमच्या पुढच्या खोलीत मशीन आहे आणि आमच्या वस्तीतल्या, इंदोऱ्यातल्या अर्ध्या बायकांची मापं तिच्या डोक्यात आहेत. माणूस काय म्हणतो यापेक्षा कापड काय करतं यावर तिचा विश्वास जास्त. मी तिला ट्यूबसोबत आलेला बारीक अक्षरांचा कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की रंगीत कापडाचा आणि केसांचा रंग उडू शकतो. आई म्हणाली, कागद कंपनीनंच छापला ना? मग मला सुचलं की आपण तिच्याच भाषेत बोलू.

धम्मचक्र दिन जवळ आला होता, तेव्हा पांढऱ्या ब्लाऊजांचा ढीग लागला होता आणि चिंध्यांची थैली पांढऱ्या तुकड्यांनी भरली होती. मी त्यातून एक पांढरा तुकडा काढला, एक काळ्या अस्तराचा, एक मरून, एक हिरवा. ट्यूब आईनंच काढली आणि जुन्या फडक्यात धरून, चटका बसेल अशा भीतीनं, प्रत्येक तुकड्यावर थेंब थेंब पिळला. रात्रभर ठेवलं. सकाळी धुतलं.

पांढरा तुकडा होता तसा होता. आईनं तो दोन्ही हातांनी ताणला, नखानं खरवडला, खिडकीकडे धरून धागा मोडला का ते पाहिलं. काही नाही. मरून तुकड्यावर मात्र मधोमध नारिंगी गोल पडला होता, काळ्यावर विटकरी आणि हिरव्यावर पिवळट. त्या सकाळी माझी जयवंता आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, ब्लाऊजचं माप द्यायला आली होती. तीही चहाचा कप घेऊन वाकून बघत होती.

"जळत तर नाही," आई म्हणाली.

मला शाळेला उशीर होत होता आणि मी जिंकले होते. मी दप्तर पाठीवर टाकत वकिलासारखं म्हटलं, "नाहीच जळत. फक्त रंग खाते."

दोघी त्या मरून तुकड्याकडे बघत राहिल्या. मी सायकलवर बसून निघून गेले.

संध्याकाळी ट्यूब माझ्या टेबलावर परत आली होती. एवढंच नाही, आईनं जुन्या पांढऱ्या चादरीचे दोन अभ्रे शिवून ठेवले होते. मला इतका आनंद झाला की मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. माझी मैत्रीण हिमानी म्हणाली, तुझी आई ग्रेट आहे यार, माझी तर अजून बेसनावरच आहे. आणि खरंच, त्यानंतर आई माझ्यापेक्षा जास्त मागे लागली. जेवण झालं की विचारायची, लावलं का वं? मी मटारचा दाणा काढला की म्हणायची, एवढंसंच? गालभर लाव. कपाळाले लाव. मानेलेही लावजो थोडं. मानेवर एकही मुरुम नाही, हे मी तिला सांगितलं. तर म्हणाली, लावलं तर काय होते? मी तिला समजावलं की जास्त लावलं की सोलतं, मॅडमनी सांगितलंय. ती हं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, आया अशाच असतात, एकदा पटलं की पटलं.

मग ट्यूब कमी व्हायला लागली. मी ट्यूब शेपटाकडून गुंडाळत जाते, टूथपेस्टसारखी. एका सकाळी ती मधूनच चेपलेली होती. आईला विचारलं तर म्हणाली, तूच लावतं ना रोज. बाबांना विचारलं तर त्यांना ट्यूब कुठे असते तेच माहीत नव्हतं. ते बुटीबोरीच्या मिलमध्ये शिफ्टला जातात, घरी येतात तेव्हा अर्धे झोपलेले असतात. शेवटी ऑक्टोबर संपायच्या आत ट्यूब संपली. मी ती कात्रीनं कापून आतून बोटानं पुसून घेतली, तेही संपलं. आई म्हणाली, आणू. मग पांढरे ब्लाऊज झाले तरी लग्नाच्या ब्लाऊजांची घाई, मग बाबांची डबल शिफ्ट. मी एकटी मेडिकल स्टोअरवर गेले, तर त्यांच्याकडे तीच ट्यूब नव्हती, दुसरी कुठलीशी देत होते, दुप्पट कडक. मॅडमनी सांगितलं होतं, हीच. मी रिकाम्या हातानं परत आले.

आणि हनुवटी पुन्हा सुरू झाली. आधी एक, मग त्याच्या शेजारी भावंडं. तुम्हाला मुरुम नसतील तर तुम्हाला हे कळणार नाही. इतके दिवस घरातला जिना एकेक पायरी चढून वर जायचं आणि कोणीतरी मागून कॉलर धरून खाली ओढायचं, तसं वाटतं. मला कोणावर तरी चिडायचं होतं आणि कोणावर ते कळत नव्हतं.

ते शनिवारी कळलं.

रविवारी आत्याच्या घरी कन्हानहून पाहुणे येणार होते, दीप्तीताईला बघायला. दीप्तीताई म्हणजे आत्याची मोठी मुलगी. तिनं केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय, सदरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि मला पिरियॉडिक टेबल तिनंच असं शिकवलं की मी झोपेतही म्हणू शकते. मुलगा खाणीच्या ऑफिसात कामाला होता. साडीवरचं ब्लाऊज बगलेत घट्ट होत होतं, म्हणून आत्या तिला घेऊन आमच्याकडे आली. दुपारी, चांगल्या उन्हात, दीप्तीताई मरून ओढणी गळ्याभोवती गच्च गुंडाळून बसली होती. आईनं टेप हातात घेतला आणि म्हणाली, ओढणी काढ वं, खांदा मापू दे.

तिनं ओढणी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. ओढणीच्या वरच्या काठाला नारिंगी डाग होते. चहा शिंपडल्यासारखे.

मी वर बघितलं. दीप्तीताईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीचे पापुद्रे सुटले होते. आम्ही शाळेत हाताला फेविकॉल लावतो आणि वाळल्यावर सोलतो ना, अगदी तसे. तोंडाभोवती लाल, गालाच्या हाडावर लाल, मानेवर लाल. तिला आयुष्यात एक मुरुम आलेला नाही.

"ताई," मी म्हणाले, "हे माझं औषध आहे."

आईच्या हातातला टेप थांबला. दीप्तीताईनं आत्याकडे बघितलं. बोलली आत्या, आणि ती अजिबात गडबडली नाही.

"अवं मंग काय झालं? तुले एकटीलेच लागते का? तुझ्या आईनं डबीत काढून देलं थोडंसं."

"आत्या, ते मुरुमाचं आहे. ताईले एक तरी मुरुम आहे का?"

"तूच म्हटलं ना तेव्हा, रंग खाते म्हणून. मी इथंच होती बसून."

"कपड्याचा खाते!"

"कपड्याचा तर पक्का रंग असते," आत्या मला समजावून सांगायला लागली, लहान मुलाला सांगावं तसं. "कंपनीचा. तोही काढून टाकला त्यानं. चामडीचा तर त्याच्यापेक्षा कच्चाच असन का नाही?"

मी सांगितलं. मी सगळं सांगितलं. कापडाचा रंग वरून चढवलेला असतो, तो तुटला की संपला. आपल्या कातडीचा रंग आतून रोज नवा बनतो, तो आपल्याला उन्हापासून वाचवतो, त्याला ही ट्यूब हातही लावत नाही, फक्त वरची कातडी सोलते, आणि सोललेली कातडी उन्हात गेली की उलट काळे डाग पडतात. मी विज्ञानाच्या पेपरात लिहिते त्याहून चांगलं सांगितलं. मेट्रोत दरवाजे बंद होण्याची सूचना लोक जशी ऐकतात, तसं आत्यानं ते ऐकलं. मग मी दीप्तीताईकडे वळले, कारण मला निदान एक माणूस माझ्या बाजूला हवा होता.

"तुले तर माहीत आहे ना? केमिस्ट्री आहे तुझी."

"माहीत आहे," दीप्तीताई म्हणाली.

"मंग लावलं काहून?"

ती ब्लाऊजचे हुक लावत होती, काढत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"पहिल्या स्थळानं नाही म्हटलं तर घरात बोलले, रंगामुळं. दुसऱ्यानं म्हटलं तर तेच. रोज चहासोबत एकदा ऐकते मी. मग आईनं डबी समोर ठेवली. म्हटलं, लावून टाकू. ते लावून बसली की तेवढा वेळ घरात कोणी काही बोलत नाही."

मला वाटलं आता आत्या भडकेल. ती भडकली नाही. तिनं पदरानं मान पुसली.

"माझ्या सासूनं मले मरेपर्यंत काळी म्हणून आवाज दिला," ती म्हणाली. "जयवंता नाव आहे माझं, हे तिच्या तोंडून एकदा नाही ऐकलं. हिलेही तेच ऐकू देऊ का?"

मला आत्यावर ओरडायचं होतं आणि आता तेही करता येत नव्हतं. याहून चीड आणणारी गोष्ट नसते. समोरच्यानं केलेलं चूक असतं, धडधडीत चूक, आणि तरी त्याला काय बोलायचं ते सुचत नाही. मग राहिली आई. ती खडूनं ब्लाऊजवर खुणा करत होती, ज्या खुणा तिनं आधीच केल्या होत्या.

"आणि तू देलं," मी म्हणाले.

"आत्यानं मागितलं. नाही कसं म्हणू?"

"मले तर विचारायचं होतं."

"आणतो ना नवी ट्यूब."

"नवी आणल्यानं मधले दिवस येतात का? मॅडमनं सांगितलं होतं, रोज. तुले गोळ्या चालत नाही, मंग माझ्याकडे होतं काय दुसरं?" माझा आवाज चिरकला आणि मला त्याचीही चीड आली. वादविवादात तो कधीच चिरकत नाही.

मग मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दीप्तीताईला मोरीवर नेऊन साध्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं, माझं मॉइश्चरायझर काढलं आणि तिच्या तोंडाला लावलं, जाडसर. पहिल्यांदा चरचरलं, तिनं माझं मनगट धरलं. मी तिला सांगितलं, आता आठवडाभर हे एकच. डबी फेकून दे. उद्या पावडर नाही, क्रीम नाही, काही नाही. ती आरशात बघत म्हणाली, लॅबमध्ये सगळे विचारतात भाजलं का म्हणून. मग आम्ही दोघी हसलो, आणि हसल्यानं तिचे ओठाजवळचे पापुद्रे ताणले गेले तर ती आई गं म्हणाली.

रविवारी पाहुणे आले. आम्हीही गेलो होतो. आत्यानं पावडरचा डबा तयार ठेवलाच होता, पण पहिलाच हात फिरवल्याबरोबर दीप्तीताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं जाऊन सगळं धुवून टाकलं. ती तशीच बाहेर आली, लाल तोंडानं, पोह्यांचा ट्रे घेऊन. मुलाच्या आईनं विचारलं, तोंडाले काय झालं? दीप्तीताई शांतपणे म्हणाली, गोरं व्हायचं औषध लावलं होतं, नाही मानवलं. आत्याच्या हातातली बशी खणकली. पाहुण्यांमधली एक मावशी मात्र खूश झाली. तिनं लगेच साय आणि हळदीचा उपाय सांगितला, मग तिची नजर माझ्या हनुवटीवर पडली आणि मलाही एक सांगितला, डाळिंबाच्या सालीचा. मुलगा समोरच बसला होता. त्याच्या दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे होते, जुने-नवे, कानापर्यंत. त्याला कोणी काहीच सांगितलं नाही. मी वाट बघत होते. पोहे संपले, चहा संपला, त्याला कोणी काहीच सांगितलं नाही.

कळवतो म्हणून ते गेले. अजून कळवलेलं नाही.

नवी ट्यूब बाबांनी आणली, सोमवारी, शिफ्टवरून येताना, सीताबर्डीवर उतरून. त्यांना कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. पण तोवर मधे बरेच दिवस कोरडे गेले होते आणि मॅडमनी दिलेली तारीख डोक्यावर आली होती. मी रोज लावत होते आणि रोज हनुवटीकडे बघत होते, आणि ती माझ्याकडे.

तपासणीच्या दिवशी ओपीडीत एवढी गर्दी होती की आमचा नंबर येईपर्यंत माझा इतिहासाचा एक धडा पाठ झाला. मॅडमनी माझी हनुवटी धरली नाही, फक्त दिवा जवळ ओढला. विचारलं, रोज लावलं का? मी म्हटलं, नाही. मधे ट्यूब संपली होती. कशी संपली ते मी सांगितलं नाही. आई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर धरून.

मॅडम म्हणाल्या, कपाळ आणि गाल छान आहेत, पहिल्या दिवशी काय होतं ते आठव. हनुवटी त्या गॅपमुळे आहे, बसेल ती. गोळ्यांची सध्या गरज नाही. हेच चालू ठेव, आणि आता गॅप नको. त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली. मी उठले. मला तिथल्या तिथे उडी मारायची होती. माझा चान्स गेला नव्हता.

आई उठली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "यानं माणसाचा रंग जाते का?"

"नाही," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या.

"कपड्याचा तर जाते."

"कपड्याचा जातो. कातडीचा नाही जात."

"थोडाही नाही? लय दिवस लावलं तरी?"

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या.

आईनं मान हलवली. मी तिच्याकडे बघत होते. दुकानात एखादं कापड आवडावं, हात लावून बघावं आणि मग कळावं की ते आधीच कोणीतरी बाजूला काढून ठेवलंय, तेव्हा तिचं तोंड जसं होतं तसं झालं होतं. आणि मला तिथे, त्या दिव्याखाली, ऑक्टोबरातल्या सगळ्या संध्याकाळी एकदम समजल्या. गालभर लाव. कपाळाले लाव. मला वाटलं होतं की चिंध्यांच्या त्या प्रयोगात मी आईला पटवलं. मी तिला पटवलंच होतं. फक्त जे पटवायचं होतं ते नाही.

बाहेर येऊन आम्ही शेअर ऑटोत बसलो. मेडिकल चौकातून बर्डीपर्यंत मी गप्प होते. माझ्यासाठी हा विक्रम आहे. मग मला राहवलं नाही.

"तुले माझा रंग आवडत नाही का?"

आई बाहेर बघत होती. "मले तर आवडते," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "लोकांचं म्हणून राहिली मी."

"मंग लोकांले सांग ना आपापली ट्यूब आणाले. माझी नको देऊ."

समोर बसलेल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं मॅडमचा कागद पर्समधून काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली आणि पर्समध्ये ठेवला. कागद दे, मी म्हणाले. तिनं दिला. सदरजवळ ऑटोवाल्यानं आणखी एक सवारी कोंबली. आई माझ्याकडे सरकली, मी लोखंडी दांडीकडे, आणि तिचा खांदा माझ्या खांद्यात रुतून बसला. माझा राग गेला नव्हता. पण सरकायला जागाही नव्हती, इंदोरा चौकापर्यंत.